वर्गातला पक्षपात: ख्रिस्ती शिक्षकाने तराजू कसा धरावा?

खडूफळा (धागाकर्ती)

सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातील (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेवर अजून नगरच येते) एका अनुदानित मिशन शाळेत २२ वर्षे मराठी शिकवते आणि रविवारी आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग घेते. प्रश्न मांडण्याआधी जे घडले ते सांगते, कारण त्याशिवाय प्रश्न कोरडा वाटेल.

दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना गेल्या वर्षीच्या आठवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हाती लागला आणि सहज म्हणून दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. प्रश्न कवितेच्या रसग्रहणाचा होता, ५ गुणांचा. पहिल्या उत्तराला मी ४ गुण दिले होते आणि दुसऱ्याला अडीच. पहिले उत्तर समास आखून, मुद्द्यांखाली रेघा मारून, मार्गदर्शकातले शब्द जसेच्या तसे उतरवून लिहिलेले होते. दुसऱ्यात शाई पसरलेली होती आणि ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नव्हता, मात्र कवितेतल्या पावसाविषयी त्या मुलाने स्वतःचे असे एक वाक्य लिहिले होते, जे मी तपासताना वाचलेच नव्हते. त्या ओळीवर माझ्या लाल पेनची साधी टिंबसुद्धा नव्हती. पहिल्या मुलीचे वडील आमच्या मंडळीच्या पंचमंडळात (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) आहेत आणि दर रविवारी उपासना संपल्यावर थांबून माझी विचारपूस करतात. दुसऱ्या मुलाचे आईवडील कोयता घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि शिमग्याच्या आसपास परततात.

मी हे जाणूनबुजून केले नव्हते, आणि तेच मला अधिक टोचले. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करता येतो; हाताला लागलेल्या सवयीचे काय करावे? मग एका सहकारी बाईंकडून सगळी नावे कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकून घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा तपासला. बऱ्याच ठिकाणी अर्धा-एक गुण इकडचा तिकडे झाला. पण चांगल्या घरच्यांचे सगळे उतरले आणि गरिबांचे सगळे चढले, असे काही झाले नाही. एका मुलीचे वडील त्याच वर्षी वारले होते. तिला मी कळवळ्यापोटी दीड गुण फुकटचा दिला होता.

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. सभास्थानात सोन्याची अंगठी घातलेला, उंची वस्त्रे ल्यालेला मनुष्य येतो, तेव्हा त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतला दरिद्री येतो, तेव्हा त्याला उभे राहा किंवा खाली पायांशी बस असे सांगितले जाते. तेथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ 'तोंड स्वीकारणे' असा होतो असे आमच्या पाळकांनी एकदा सांगितले होते, आणि मराठीत आपण तेच म्हणतो: तोंड पाहून वागणे. हा उतारा मी शब्बाथ शाळेत कितीदा शिकवला असेल! पण तो बसण्याच्या जागेविषयी आहे, आणि वर्गात कोणी कोणत्या बाकावर बसावे हे मीच ठरवते, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या वर्गात शेवटच्या दोन बाकांवर कोण बसते, हे मी येथे लिहीत नाही, आपण ओळखाल.

दुसरीकडे जुन्या करारातले लेवीय १९:१५ आहे. तेथे गरिबाचाही पक्षपात करू नये आणि थोरामोठ्यांचीही भीड धरू नये, असे एका दमात सांगितले आहे. म्हणजे तो फुकटचा दीड गुणही नियमशास्त्राच्या दृष्टीने वाकडाच.

आता प्रश्न. तो मुलगा यंदाही मार्चमध्ये परत येईल आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेला बसेल. जो जूनपासून एक दिवसही चुकला नाही त्याला आणि याला एकच प्रश्नपत्रिका, एकच तराजू. हा न्याय झाला का? आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातल्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या द्राक्षमळ्याच्या धन्याला, ज्याने शेवटच्या तासाला आलेल्यांनाही दिवसभराची मजुरी दिली, माझ्या वर्गात काही काम आहे की नाही?

वसईकर

ताई, आपण धागा काढलात ते बरे केलेत. मी वसईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गुणांविषयी इतर लिहितीलच. मी भेटवस्तूंविषयी लिहितो, कारण तोंड पाहण्याची सुरुवात मी तेथे होताना पाहिली आहे.

आमच्याकडे वाडी असलेली माणसे नाताळात शिक्षकाच्या घरी काही ना काही पाठवतात. त्यामागे लबाडी नसते, रीत असते. एका पालकांनी सलग तीन वर्षे मला सुकेळी पाठवली. वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना कळेल की ती परत करणे सोपे नाही: केळीच्या सोपटात बांधलेली, मधासारख्या रंगाची, घरात ठेवली की दोन खोल्यांना वास. चौथ्या वर्षी त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आला आणि पहिल्याच चाचणीत त्याच्या वहीवर शेरा लिहिताना माझा हात थबकला. शेरा कडक लिहायचा होता, पण डोळ्यांसमोर सुकेळी आली. मी सौम्य लिहिला. त्या नाताळात पुडके परत केले. ते गृहस्थ दुखावले, ते कायमचेच. मी तीन वर्षे घेत राहिलो नसतो, तर परत करण्याची वेळच आली नसती, हे मला कळायला उशीर झाला.

कॅथलिक परंपरेत शिक्षकांचे आश्रयदाते मानले गेलेले संत जॉन बाप्टिस्ट द ला साल (१६५१–१७१९, त्यांना हा मान १९५० मध्ये दिला गेला) यांनी आपल्या बंधुसंघाच्या शाळांसाठी जे नियम घातले, त्यांत विद्यार्थ्यांकडून किंवा पालकांकडून काहीही घ्यायचे नाही, हा एक नियम होता. फ्रान्समधील सधन घरातला हा धर्मगुरू गरिबांच्या मुलांना फुकट आणि लॅटिनऐवजी त्यांच्या रोजच्या फ्रेंच भाषेत शिकवण्याचा आग्रह धरतो आणि त्याच वेळी शिक्षकाचा हात रिकामा राहील याची काळजी घेतो, यात मला मोठे व्यवहारज्ञान दिसते. त्यांनी माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही, नियम केला.

शिकवण्यांचेही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. तरी संध्याकाळी आपल्याच वर्गातली मुले आपल्याच ओट्यावर बसवून, दुसऱ्या दिवशीच्या चाचणीतले 'महत्त्वाचे' प्रश्न सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यातले काही रविवारी वेदीजवळ वाचन करणारे होते.

हिशेबनीस

मी शिक्षक नाही, लेखापरीक्षणाच्या कामात आयुष्य गेले; त्यामुळे थोडे रोखठोक लिहितो.

द्राक्षमळ्याचा दाखला गुणपत्रिकेला लावू नका. तो देवाच्या कृपेविषयी आहे आणि धनी तेथे स्वतःच्या खिशातले पैसे देतो. माझ्या पैशाचे मला वाटेल ते करण्याचा अधिकार नाही काय, असे तो विचारतो. शिक्षकाच्या हातातले गुण हे शिक्षकाच्या खिशातले नसतात. गुण म्हणजे साक्ष आहे. या मुलाला इतके येते, असे शिक्षक तिसऱ्या माणसाला सही करून सांगत असतो. मग तो तिसरा माणूस पुढच्या वर्गाचा शिक्षक असो, महाविद्यालय असो की उद्याचा मालक. दहा आज्ञांमध्ये खोटी साक्ष देऊ नको अशी आज्ञा आहे, आणि ती कळवळ्यापोटी दिलेल्या खोट्या साक्षीला सूट देत नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे म्हटले आहे; तो तराजू कोणाच्या बाजूने खोटा, हे तेथे विचारलेले नाही.

दहावीच्या अंतर्गत गुणांचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. भाषेला २० पैकी २० किंवा १८, मग मूल वर्गात तोंड उघडो न उघडो. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून दिलेले हे गुण दयेचे नसतात, आणि ज्या मुलाने खरोखर तोंडी परीक्षेची तयारी केली, त्याची मेहनत त्यात फुकट जाते. ख्रिस्ती शाळा याला अपवाद असतील असे मला वाटत होते. माझी स्वतःची मुलगी अशा एका शाळेत होती, म्हणून आता वाटत नाही.

खडूफळा

हिशेबनीस, साक्षीचा मुद्दा मला पूर्ण पटला आणि तो माझ्या मनात या शब्दांत कधी आला नव्हता. दीड गुणाविषयी मला जे अस्वस्थ वाटत होते, त्याला नाव मिळाले.

परंतु द्राक्षमळा मी इतक्यात सोडणार नाही. आपण सगळे संध्याकाळच्या मजुरीवर अडतो. दाखल्यातला बहुतेक दिवस तर धनी बाजारात फेऱ्या घालण्यात घालवतो! पहाटे एकदा, मग दिवस वर आल्यावर, दुपारी, दुपार कलल्यावर आणि अखेर दिवस बुडायच्या आधी तासभर: एकूण ५ वेळा तो स्वतः उठून जातो. शेवटच्या फेरीत उभ्या असलेल्यांना तो विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात. ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. तो त्यांना आळशी म्हणत नाही आणि त्यांचे उत्तर खोडूनही काढत नाही.

आमच्या वर्गात मार्चमध्ये परतणाऱ्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी काय विचारतो? "इतके दिवस कुठे होतास?" आणि तो कुठे होता हे आम्हांला ठाऊक असते. गळिताचा हंगाम सुरू झाला की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेले जोडपे टोळीबरोबर निघते. घरी म्हातारे माणूस नसेल तर मूलही जाते, पहाटे फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधते. हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, आणि कागदावर तो मुलगा कुठल्याही शाळेत जाऊन बसू शकतो. प्रत्यक्षात कारखान्याच्या तळावरून दोन-तीन किलोमीटर चालत अनोळखी शाळेत जाणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

म्हणून माझी समजूत हळूहळू अशी होत चालली आहे की तराजू सर्वांना एकच असावा, पण माझा वेळ सर्वांना सारखा वाटण्याचे बंधन माझ्यावर नाही. गुण माझ्या खिशातले नाहीत, हे खरे. मधली सुट्टी माझ्या खिशातली आहे.

नाव_झाकू_नका

धागाकर्तीच्या पट्ट्या चिकटवण्याच्या प्रयोगाला माझा आक्षेप आहे, आणि तो पवित्र शास्त्राच्याच आधारे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. ख्रिस्ती शिक्षणाचा सगळा गाभा मला त्या एका क्रियेत दिसतो. मूल म्हणजे आसनक्रमांक नव्हे. ज्या मुलीचे वडील वारले, तिचे उत्तर वाचताना शिक्षकाला ते आठवू नये, अशी व्यवस्था आपण ख्रिस्ती न्याय म्हणून कशी स्वीकारायची? बोर्डाकडे ती व्यवस्था आहेच. मग मिशन शाळा कशाला हवी?

हिशेबनीस

मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, पण लोकर तोलताना तराजूवर हात ठेवत नाही.

खडूफळा

दोघांचेही म्हणणे मला हवे आहे. तपासताना तिचे वडील मला आठवू नयेत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना सर्वांत आधी तेच आठवावेत. तिला दीड गुण देऊन मी काय केले, तर तिच्यासाठी जे करायला हवे होते ते स्वस्तात उरकले. तिच्याजवळ बसायला अर्धा तास लागला असता. गुण द्यायला पेनचा एक फटकारा पुरला. तिने रसग्रहणात कुठे चूक केली हे तिला कधी कळलेच नाही, कारण चुकीवर मी बरोबरची खूण केली होती.

पाटी_पेन्सिल

मी ख्रिस्ती नाही. मिशन शाळेत दहावीपर्यंत शिकलो आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. परवानगी असेल तर बाहेरून एक गोष्ट मांडतो.

आमच्या शाळेतल्या बाई न्यायी होत्या, हे मी कृतज्ञतेने सांगतो. मात्र सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पुढे उभे राहून वचन वाचण्याचा मान ज्यांना मिळे त्यांची नावे वर्षानुवर्षे ठरलेली असत, आणि तीच मुले स्नेहसंमेलनात, तीच सहलीच्या नियोजनात, तीच 'आदर्श विद्यार्थी'च्या यादीत. कोणी आम्हांला कमी लेखले असे नाही. आम्ही त्या गोष्टींच्या हिशेबात धरलेच जात नव्हतो. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि आमच्या शाळेने ती मर्यादा कधी ओलांडली नाही. पण मर्यादा न ओलांडताही मुलाला कळते की घर कोणाचे आहे आणि पाहुणा कोण आहे. ख्रिस्ती शिक्षकाच्या न्यायात हे बसते का?

केडगाव_फाटा

पाटी_पेन्सिल यांच्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्राचाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवा मुलींची निवासी शाळा उघडली. पुढल्या वर्षी ती पुण्यास हलली. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झालेला होता, आणि अमेरिकेतील ज्या मंडळाच्या पैशावर सदन चालणार होते त्याच्याशी ठरले होते ते हे की विधवा मुलींना शिक्षण द्यावे, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे. मुलींना आपापले आचार पाळता यावेत, अशी सोय तेथे होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती, यावरून त्या शब्दावर किती विश्वास होता ते दिसते.

अडचण आली ती दाराची. रमाबाई आपली स्वतःची प्रार्थना करत आणि त्या वेळी खोलीचे दार बंद करत नसत. कोणाला बोलवायचे नाही, कोणाला हाकलायचे नाही, अशी त्यांची भूमिका. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला.

मी ख्रिस्ती आहे आणि रमाबाईंविषयी मला अपार आदर आहे. त्यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही, हे मी मानतो. तरीही वर्षानुवर्षे मला एक शंका छळते. जिला जगात दुसरे घर नाही, जिचे केस उतरवले गेले होते आणि जिला पहिल्यांदा कोणी मायेने 'ये' म्हटले आहे, अशा मुलीला ते उघडे दार नुसते दार वाटत असेल का? दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना करताना रमाबाईंनी कडी का लावावी, हेही मला सांगता येत नाही. ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनी त्यांना परत कोणत्या आयुष्यात नेले, हाही प्रश्न आहेच, आणि तो राजीनाम्यांच्या चर्चेत फारसा कोणी विचारत नाही.

वर्गापुरते बोलायचे तर शिक्षकाचे प्रेम हीच एक सत्ता आहे. ज्या शिक्षकावर मुलांचा जीव आहे त्याने दार उघडे ठेवताना इतर शिक्षकांपेक्षा अधिक जपले पाहिजे. याकोबाच्याच पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे लिहिले आहे. मला ते वाक्य येथे आठवते.

तिसरी_पिढी

फार लिहीत नाही. माझे पणजोबा महार होते आणि त्यांनी नगरच्या बाजूला मिशनच्या शाळेत अक्षर गिरवले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा मुंबई सरकारनेही इतर मुले शाळा सोडतील या भीतीने हात वर केले. त्या काळात मिशनने आम्हांला बाकावर बसवले, हे आमच्या घरात विसरले जाणार नाही. सिंथिया फरार या १८२७ साली मुंबईत आलेल्या अविवाहित अमेरिकन बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले ती शाळा पाहून गेले आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिकेचे काम शिकल्या, हेही आम्ही अभिमानाने सांगतो.

आता दुसरी बाजू. मी स्वतः ज्या ख्रिस्ती शाळेत शिकलो, तेथे शनिवारी वर्ग झाडण्याची पाळी लावलेली असे. पाळीचा तक्ता भिंतीवर होता आणि त्यात सर्वांची नावे होती. पण वर्गशिक्षक बाहेरून येताना आवाज द्यायचे तो ठरावीक तिघांनाच: "अरे, तुम्ही घ्या रे, तुम्हांला चांगलं जमतं." आम्ही तिघेही आणि तेही एकाच मंडळीचे सभासद होतो, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेत होतो. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी 'तुम्हांला' या शब्दात काय आहे, ते आम्हांला बरोबर कळत होते. तक्ता भिंतीवर असून काय उपयोग?

वसईकर

तिसरी_पिढी यांचे लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आमच्याकडेही पोटजातींचे हिशेब देवळाच्या उंबरठ्यावर सुटत नाहीत, एवढेच कबूल करतो.

इटलीतले एक उदाहरण पाटीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. फादर लोरेन्झो मिलानी यांना १९५४ साली फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीवर धाडले गेले; वरिष्ठांना ते नकोसे झाले होते. तेथे त्यांनी गुराख्या-शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेने नापास करून घरी बसवलेल्या मुलांना शिकवले. वर्षभर शाळा, सुट्टी नाही, मोठ्याने धाकट्याला शिकवायचे, आणि एकाला समजले नसेल तर बाकीच्यांनी पुढे सरकायचे नाही. १९६७ मध्ये त्या मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले आणि शाळा कोणाच्या मुलांना गाळते ते आकड्यांनिशी दाखवले. असमान मुलांना समान वाटा देणे हाच सर्वांत मोठा अन्याय, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी मिलानी वारले.

हिशेबनीस यांना हे पटणार नाही, कारण त्या मुलांनी नापास करणेच बंद करा असेही म्हटले होते. मलाही ते पूर्ण पटत नाही. पण एकाला समजले नसेल तर पुढे सरकायचे नाही, हा नियम मी चाळीस मुलांच्या वर्गात एक सत्र पाळून पाहिला. अभ्यासक्रम मागे राहिला, पालकसभेत बोलणी खाल्ली आणि वर्गातली हुशार मुले सुरुवातीला कंटाळली. मग त्यांतलीच दोघे तिघे शेजाऱ्याला समजावू लागली, तेव्हा त्यांना स्वतःला काय कळले नव्हते ते कळले. तरी दुसऱ्या सत्रात मी तो नियम सोडला. धैर्य पुरले नाही.

सुवर्णवचन

शब्बाथ शाळेपुरते एक. आमच्याकडे वचन पाठांतराचे बक्षीस दर वर्षी त्याच चार घरांत जायचे, ज्या घरांत आई संध्याकाळी शास्त्र घेऊन मुलांना बसवते. बक्षीस मुलाला, मेहनत आईची. ज्याची आई रात्रपाळीला जाते किंवा जिला वाचता येत नाही, त्याने काय करावे? रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास ग्लॉस्टरमध्ये रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी, त्यांना वाचता यावे म्हणून. घरी शिकलेल्यांना शाबासकी द्यायला नव्हे. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे पाठांतर बंद केले. वचन वर्गातच, जोडीने पाठ करायचे. बक्षिसे काढून टाकली तेव्हा चार घरांतून तक्रारी आल्या, एक घर तर महिनाभर उपासनेलाच आले नाही.

पाटी_पेन्सिल

केडगाव_फाटा, दाराची गोष्ट लक्षात राहील. माझ्या वर्गातही दार आहे: आमच्याकडे सरस्वतीपूजन होते, आणि माझ्या वर्गात दोन ख्रिस्ती व तीन मुसलमान मुले आहेत. त्या दिवशी ती काय करतात, हे मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. यंदा पाहिले. ती वहीत डोके घालून बसतात.

खडूफळा

सर्वांचे आभार. धागा काढताना मला एकच उत्तर मिळेल असे वाटले होते. आता काय करते आहे ते लिहिते, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी विचारले तर लपता येणार नाही.

बाकांची जागा दर सोमवारी एक ओळ पुढे सरकते; मागची ओळ पुढे येते, पुढची मागे जाते. पंचमंडळातल्या त्या गृहस्थांनी उपासनेनंतर विचारले, की मुलीला मागून फळा दिसत नाही. मी त्यांना सांगितले की मागच्या मुलांनाही दिसत नव्हता. ते काही बोलले नाहीत आणि पुढच्या रविवारी थांबलेही नाहीत. झाडण्याच्या तक्त्याबद्दल तिसरी_पिढी यांनी लिहिले ते वाचल्यावर मी आमच्या वर्गात शनिवारी दारात उभी राहिले. तोंडाने नाव न घेता तक्त्याकडे बोट दाखवते.

तो मुलगा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. हाताच्या तळव्यांवर पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. "कुठे होतास" हे मी विचारले नाही. मधल्या सुट्टीत त्याला निबंधाचा विषय दिला, की वाढ्यांची मोळी कशी बांधतात ते मला माहीत नाही, लिहून सांग. त्याने अर्धे पान लिहिले. मोळी आवळायचा आळा कशाचा करायचा, तो किती पिळायचा, मोळी डोक्यावर घेताना कोणी हात लावायचा. ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा चुका निघाल्या आणि त्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. पाच दिवस लागले. रोज मधली सुट्टी गेली आणि बाकीची मुले दारातून डोकावून, बाई याला एकट्यालाच का शिकवतात म्हणून कुजबुजत राहिली. त्यांतल्या एकीला मी आत बोलावून त्याच्या शेजारी बसवले.

आता वार्षिक परीक्षा झाली आहे. गठ्ठा समोर घेतला, पट्ट्या चिकटवल्या, आणि पहिलीच उत्तरपत्रिका उघडली तेव्हा कळले की पट्टीचा काही उपयोग नाही. अक्षर त्याचेच होते. पाच दिवस शेजारी बसल्यावर ते न ओळखणे शक्य नव्हते. गठ्ठा तसाच बांधला आणि 'ब' तुकडीच्या सरांकडे नेऊन दिला. त्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे, त्र्याण्णव पाने तपासून झाली आहेत, आणि यात कोणाचे वडील काय करतात ते मला ठाऊक नाही.